ऐकून घेतलं

"वास तर काही येत नाही हो तुमच्या अंगाला, अष्टमकर," साहेब म्हणाले आणि खुर्ची मागे सारून उभे राहिले.

चौकशी तेव्हा संपली होती. चहाही पिऊन झाला होता. आरोन हसला, कारण साहेब हसत होते. मग तो जिना उतरला आणि रस्त्यावरच्या उन्हात आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण कशाला हसलो ते आपल्याला माहीतच नाही. रोह्यातल्या एका बंद पडलेल्या पतसंस्थेच्या माडीवर पोलिसांनी बसकण मांडली होती, तिथे त्याला कंपनीच्या गेटवरूनच बोलावून नेलं होतं. मुंबईत स्फोट झाल्यापासून, आणि स्फोटकांचा माल आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरला होता हे कळल्यापासून, अशी बोलावणी बरीच येत होती. कुणी घाबरून गावच सोडलं होतं. आरोन घाबरला नव्हता. रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर, पेणला रामवाडीत घर, बायको, मूलबाळ नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शिवाय स्फोटांच्या त्या शुक्रवारी मुंबईत त्याच्या चुलतभावाचा हात मनगटापासून गेला होता. चौकशा व्हायलाच पाहिजेत, असं तो कंपनीच्या बसमध्ये मोठ्यानं म्हणाला होता.

साहेबांनी विचारलं ते मात्र भलतंच होतं. "तुमच्या बाई फोनवर त्यांच्या बहिणीला म्हणाल्या, मशिदीत दहा माणसं जमायला पाहिजेत, नऊच आहेत, दहावा मुंबईहून येतोय. कोण ही दहा माणसं?" आरोन आधी बघतच राहिला. मग त्यानं समजावून सांगितलं. आम्ही बेने इस्राएल, इथले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणतात ते. आमच्यातली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, दहा भरल्याशिवाय काही भाग वाचताच येत नाही, आणि पेणमध्ये आता दहा उरलेले नाहीत. सगळे इस्राएलला गेले. साहेब इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते खरं हसणं होतं. "अहो, आमची माणसं केव्हापासून त्या दहाव्याला शोधतायत!" ते म्हणाले. मग डोळे पुसून, बडीशेप तोंडात टाकून, हळू आवाजात: "परदेशचे फोन ऐकावेच लागतात हो. इथून माल गेला आणि तिकडे माणसं मेली. तुम्हाला वेगळं सांगायला नको. घरी बोलू नका मात्र. बाईंनासुद्धा नाही. माणसाला कळलं की तो बोलायचा थांबतो, मग ऐकून उपयोग काय?" आरोननं मान डोलावली. देशाचं काहीतरी आपल्याजवळ विश्वासानं ठेवायला दिलंय, असं त्याला क्षणभर वाटलं आणि बरंही वाटलं. त्यानंतर साहेब ते वासाचं बोलले.

एस. टी. नागोठणं सोडून वडखळला आली तरी ते वाक्य त्याच्या डोक्यात एखाद्या दुसऱ्याच्या पत्त्यावरच्या पार्सलासारखं पडून होतं. त्यानं मनगट नाकाजवळ नेलं. मग खांदा. घाम, डिझेल, खिडकीतून येणारा वडखळच्या खाडीचा खारट वारा. बाकी काही नाही. घरी आला तेव्हा तामार मागच्या दारी तांदूळ निवडत होती. त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला. ती उठली, शर्ट कॉलरला दोन बोटांनी धरून उचलला, शरीरापासून लांब धरून मोरीत नेला आणि निळ्या बादलीत टाकला. निळी बादली त्याच्या कपड्यांची. लग्नानंतर तो कंपनीत लागला तेव्हापासून ती बादली वेगळी होती. तामार नीटनेटकी आहे, असं तो लोकांना कौतुकानं सांगत आला होता. आत्ता बादलीत पाणी पडल्याचा आवाज झाला आणि त्याचं लक्ष पहिल्यांदा त्या बादलीकडे गेलं. वास. हे तिनं नाओमीला सांगितलं होतं. समुद्रापलीकडच्या बहिणीला तिनं फोनवर सांगितलं होतं, की माझ्या नवऱ्याच्या अंगाला वास येतो. आणि मधे कुठेतरी कानाला यंत्र लावून बसलेल्या एका माणसानं ते ऐकलं होतं. त्यानं दुसऱ्याला सांगितलं होतं. दोघं हसले असतील. मग साहेबांनी चहा पाजता पाजता, सहज, खात्री करून घेतली होती.

तो पुष्कळ वेळ अंघोळ करत राहिला. साबण दोनदा लावला, नखांनी मान खरवडली. कंपनीत गेल्यावर नाकात भरणारा कडू बदामासारखा वास त्याला ठाऊक होता. पण आठवड्याभरात नाक मरतं, मग तो येईनासा होतो. तो समजत होता की आपल्याला येत नाही म्हणजे तो नाहीच. तामार कुशीवर वळून झोपायची. तिला पाठीवर झोप येत नाही, असं ती पहिल्याच वर्षी म्हणाली होती, आणि त्यानंही त्यावर एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा विचार केला नव्हता. खिडकी उघडी ठेवायची, थंडीतसुद्धा. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून रंगाची, ओल्या मातीची हवा यायची आणि ती म्हणायची, किती बरं वाटतं. किती बरं वाटतं! तो रेवदंड्याला तिला बघायला गेला होता तेव्हा ती विहिरीवरून येत होती आणि तिच्या ओल्या पदराला कडुलिंबासारखा वास येत होता. त्याला तो आवडला होता आणि ते त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. संसारात कितीतरी गोष्टी सांगायच्या नसतात. त्या न सांगण्यावरच घर उभं असतं. हे सगळं त्याला टॉवेल गुंडाळून उभं असताना पटत होतं. ती बहिणीशी बोलली, तो तिचा हक्क. ज्यांनी ऐकलं ते चोर. तरी संताप आला तो तिच्याचवर. ज्यांनी ऐकलं त्यांचं तोंडही त्याला ठाऊक नव्हतं, आणि तिची मान समोर होती, वाकलेली, तांदळातले खडे वेचणारी.

त्यानं तिला सांगितलं नाही. सांगू नका म्हणून सांगितलं होतं, हे कारण तो स्वतःला देत असे. नाओमीचा फोन रविवारी दुपारी येई. आरोनची साप्ताहिक सुट्टी शनिवारी, शब्बाथची. जुन्या मॅनेजरनं ती त्याला दिली होती आणि नव्यानंही काढून घेतली नव्हती. त्यामुळे रविवारी तो कामावर असे आणि बहिणी मोकळेपणानं बोलत. आता तो रविवारी स्टोअरमध्ये ड्रमांच्या रांगेत उभा राहून घड्याळाकडे बघे. आत्ता रिंग झाली असेल. आत्ता ती वेताच्या मोड्यावर बसली असेल, पाय वर घेऊन. आत्ता बोलत असेल. काय बोलत असेल? एक शब्द टाकला असता, फोनवर जपून बोल गो, तर ते थांबलं असतं. पण ते थांबावं असं त्याला वाटतच नव्हतं. तिनं बोलत राहावं, आणि ते कुणीतरी ऐकत राहावं. इतकी वर्षं तिच्या आत काय आहे हे कळायची कधी गरज पडली नव्हती. आता ते कुणालातरी कळतंय आणि आपल्याला नाही, ही गोष्ट त्याला दाढदुखीसारखी जीभ लावून लावून बघावीशी वाटे.

मे महिन्याच्या शेवटी तो आपणहून माडीवर गेला. साहेब बनियनवर बसून वारा घेत होते. त्यांना नवल वाटलं नाही. अशी माणसं परत येतात हे त्यांना सवयीनं ठाऊक असावं.

"आमचं काही निघालं नाही ना, हे विचारायला आलो होतो," आरोन म्हणाला.

"तुमचं काय निघणार? सज्जन माणसं तुम्ही." साहेबांनी मानेवरचा घाम पुसला. "बाईंना मुंबईला नेलंत का?"

"कशाला?"

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या पाहण्यात कीवही होती, आणि पत्ते उचलून बघितल्यावर माणसाच्या डोळ्यांत येतं तसं काहीतरी होतं. "म्हणजे तुम्हाला सांगितलेलं नाही. मग राहू द्या. नवरा-बायकोच्या मधे आम्ही पडत नाही."

"काय झालंय तिला?"

"गाठ आहे म्हणाल्या. कुठे ते मी सांगणं बरं दिसत नाही." साहेबांनी बडीशेपेची डबी उघडली, त्याच्यापुढे धरली. "त्यांच्या बहिणीशी सविस्तर बोलल्यायत. टेप आहे. पण अष्टमकर, ती सरकारी वस्तू. उगाच कुणाला ऐकवता येत नाही. तुम्ही आमच्या कामाचं काही केलंत तर मीही वरती म्हणू शकतो, की हा आपला माणूस, याला ऐकवलं. रोज त्या कंपनीच्या बसमधून जाता-येता. खाडीकडची माणसं असतात. होड्या असलेली. काहीतरी कानावर पडतच असेल."

आरोन म्हणाला, नाही, काही नाही. आणि जिना उतरला. त्या संध्याकाळी तामारनं भाकऱ्या थापल्या, त्यांच्यावर पाण्याचा हात फिरवला, आणि तो तिच्या पदराकडे, पदराखालच्या शरीराकडे, परक्या माणसानं बघावं तसं चोरून बघत राहिला. कुठे? डावीकडे की उजवीकडे? ती हात वर करून फळीवरचा डबा काढताना मधेच थांबली आणि दुसरा हात वापरला. त्यानं ते पाहिलं. विचारायला एक वाक्य लागलं असतं. तुला काय होतंय? मग ती म्हणाली असती, काही नाही. मग त्याला म्हणावं लागलं असतं, मला माहीत आहे. मग ती म्हणाली असती, कसं? या 'कसं'पाशी तो थांबे. आपण दीड महिना तिला उघड्यावर बसू दिलं, पडदा नसलेल्या न्हाणीघरात बायकोला सोडून बाहेर उभं राहावं तसं, हे तिला सांगायचं. ते जमण्यातलं नव्हतं. तो जेवला. "आमटी छान झालीय," असंही म्हणाला.

नाथा बसमध्ये त्याच्या शेजारी बसे. किती वर्षं, याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता. खाडीकाठच्या गावचा, मूळचा मिठागरातला. बांध फुटून मिठागर खाडीत बुडालं तेव्हा कंपनीत बॉयलरवर लागला. पायांच्या भेगांत अजून मीठ आहे, पावसाळ्यात चुरचुरतं, असं सांगायचा. आरोन आजारी पडला तेव्हा नाथा आपल्या बायकोला, चंद्रावतीला, घेऊन आला होता आणि दोघं दाराशी बसून राहिली होती, आत या म्हटलं तरी येईनात. स्फोटांनंतर नाथा गप्प गप्प झाला होता. एका संध्याकाळी, बस गडबच्या पुढे आली असताना, खिडकीबाहेर बघत तो म्हणाला होता, "भाऊ, एक सांगू? कुनाला बोलू नका. मीठ गेला तवा खायाला नव्हता. मी माजी होडी दिली व्हती. धरमतरपासून चार खेपा मारल्या, पेट्या आनल्या. घड्यालां हायत, असा बोलले. पन मी कवा उघडून बगला नाय." मग पुष्कळ वेळानं, "आता झोप येत नाय. त्या पेट्यांत काय व्हता, भाऊ?" आरोन म्हणाला होता, "अरे, दहा वर्षं झाली त्याला. घड्याळंच असतील." आणि नाथानं त्याचा हात धरला होता, बायका धरतात तसा, उतरेपर्यंत.

जूनमध्ये, चिखलानं भरलेल्या चपला जिन्याखाली काढून, आरोन ते सगळं साहेबांना सांगून आला. घरातून निघताना ते सांगायचं त्याच्या मनात नव्हतं, असं त्याला पुढे वाटत राही. पण ते खरं नव्हतं, बसमध्ये तो वाक्यं जुळवत होता. देशाचा प्रश्न आहे. मनगटापासून तुटलेला हात त्यानं के. ई. एम.मध्ये स्वतः पाहिला होता, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. नाथानं काही केलं नसेल तर नाथाला काही होणार नाही. आणि केलं असेल तर? अशा दोन्ही बाजूंनी ते बरोबरच येत होतं. फक्त सांगून झाल्यावर, साहेब कुणालातरी हाक मारून "केरू, गाडी आहे का बघ" म्हणाले तेव्हा, त्याला नाथाच्या हाताचा दाब आपल्या तळव्यावर जाणवला आणि त्यानं तो हात पँटला पुसला. "टेप?" त्यानं विचारलं. साहेब म्हणाले, "या चार दिवसांनी. मागवून ठेवतो."

चौथ्या दिवशी सकाळी चंद्रावती दारात आली. भिजलेली, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. या खेपेला ती आत आली आणि तामारच्या पायांशी बसली.

"ताय, ह्यांना नेला गो. घरातून मारीत नेला. पोरांच्या समोर. होडी कुटं हाय, होडी कुटं हाय, असा इचारीत व्हते. होडी इकून किती वर्सां झाली. मना कायबी कलत नाय. कुनी सांगला आसंल? आमचा कुनाशी वाकडा नाय."

तामारनं तिला धरलं, उठवलं, तिचे केस पुसले. मग आरोनकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्ही जा तिच्याबरोबर. तुम्हाला चार शब्द बोलता येतात. तुमच्या शेजारी बसणारा माणूस तो." आरोननं छत्री घेतली. रोह्यापर्यंत एस. टी.त चंद्रावती त्याच्या शेजारी बसली होती, नाथा बसे तशी. तिच्या ओच्यात एका फडक्यात भाकरी आणि सुकटीची चटणी बांधलेली होती. आत नेऊन द्यायची होती. ती मधूनमधून म्हणे, "तुमी हाय म्हनून, भाऊ." त्याला वाटे, बस घसरावी. नाल्यात जावी. आपण सोडून कुणाला काही लागू नये. ती घसरली नाही, वेळेवर पोचली.

माडीच्या जिन्याखाली तो तिला बसायला सांगत होता तेवढ्यात साहेबच कठड्याशी आले. "या अष्टमकर, या! चहा सांगू ना?" चंद्रावती वर बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली. एवढा मोठा साहेब आपल्या भाऊला नावानं ओळखतो. आरोननं तिच्या हातातलं भाकरीचं फडकं घेतलं, मान खाली घातली आणि वर गेला. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यामागून ओली गादी झोडपल्यासारखा आवाज येत होता, मग थांबे, मग कुणीतरी सावकाश काही विचारी, आणि पुन्हा. माणसाचा आवाज येत नव्हता. तोंडात काहीतरी कोंबलं असेल. साहेबांनी टेबलावर छोटा टेपरेकॉर्डर ठेवला, वायरची गुंडाळी सोडवली आणि कानांत घालायची बोंडं त्याच्या हातात दिली. "ही लावा. बाहेरचं ऐकू येणार नाही," ते म्हणाले. त्यांना तो दयाळूपणाच वाटत असावा.

त्यानं ती लावली. आवाज खरंच बंद झाला. मग खरखर, आणि त्या खरखरीतून तामार, इतकी जवळ, की त्यानं दचकून मान वळवली. एवढ्या जवळून ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. आणि तो आवाजही निराळा, सैल, रेवदंड्याचा, मुलीचा.

"डाव्या बाजूला गो. सुपारीएवढी. दुखत नाय, तेच वाईट म्हणतात. अलिबागला डॉक्टरीण हाय, तिला दाखवली. शेजारच्या अनिताला घेऊन गेले होते, ह्यांना सांगितलं काकडआळीत लग्नाच्या साड्या बघायला जाते म्हणून. डॉक्टरीण म्हणाली मुंबईला तपासायला पाहिजे."

"मग आरोनला सांग ना," पलीकडून नाओमी, पाण्याखालून बोलल्यासारखी.

थोडा वेळ खरखर. मग तामार हसली. तो हे हसणं ओळखत नव्हता. "ह्यांना सांगितलं तर हे घाबरतील. मग मला माझं सोडून ह्यांची भीती सांभाळत बसायला लागेल. सबंध जन्म तेच केलंय गो मी. हे आजारी, मी हसायचं. ह्यांना मूल झालं नाय, मी हसायचं. वास येतो तर कुशीवर वळायचं. हे एवढं एक माझं हाय. हे तरी मला माझं एकटीचं असू दे."

"असं काय बोलतेस गो?"

"तुझ्याशीच बोलते. दुसरं कोण हाय ऐकायला?"

टेप पुढे मोकळीच फिरत राहिली. आरोननं बोंडं काढली नाहीत. काढली असती तर मागच्या खोलीतलं ऐकू आलं असतं. साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते, मधेच वर बघून ओठ हलवले. झालं का? त्यानं मान हलवली, नाही. मग त्यांनीच बटण दाबलं. आता मागच्या खोलीतूनही काही आवाज येत नव्हता. "माणूस चिवट आहे तुमचा," साहेब जांभई देत म्हणाले, "पेट्यांत घड्याळंच होती म्हणतो. असतीलही. पण कायदा आता असा आहे, की एकदा आत घेतला की आम्हालाही लगेच सोडता येत नाही." आरोननं नाथाला सोडा असं म्हणायला तोंड उघडलं. ते म्हणायलाच तर तो आला होता. पण त्याला वाटलं, आपण हे म्हटलं तर साहेब विचारतील, मग सांगितलंत कशाला? त्यानं भाकरीचं फडकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "एवढं त्याला द्या."

खाली चंद्रावती उठून उभी राहिली. "काय बोलले, भाऊ?"

"ऐकून घेतलं," आरोन म्हणाला. "सगळं ऐकून घेतलं त्यांनी." तिनं वाकून त्याच्या चिखलाच्या पावलांना हात लावला.

नाथा त्या पावसाळ्यात सुटला नाही. चंद्रावती तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावाला खेपा घालत राहिली. श्रावणात एकदा ती आली ती टोपलीत हळदीच्या पानांत गुंडाळलेला जिताडा घेऊन. तळ्यातला, चांगला हातभर लांब. पेणकडे हा मासा विकत घेऊन कुणी स्वतः खात नाही, मान द्यायचा असेल त्याच्या घरी पाठवतात. ती तामारला सांगत होती आणि आरोन आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसला होता.

"भाऊंचे लय उपकार. त्ये गेले म्हनून त्यांना जिता तरी ठेवला. सायब भाऊंना नावानं हाक मारतो, ताय. वरतून हाक मारली, या अष्टमकर, च्या सांगू ना? येवडी वलख. मी तवाच बोलले, आता माजा मानूस मरत नाय."

तामारनं टोपली रिकामी करून तिच्या हातात दिली. चंद्रावती गेली. विळीवर खवले काढल्याचा आवाज येऊ लागला, खरड, खरड, घाई नसलेला. मसाला वाटल्याचा. तेलात तुकडे पडल्याचा. दुपारी तामारनं त्याचं ताट वाढलं. डोक्याचा तुकडा त्याला, मानाचा. स्वतः वाढून घेतलं नाही. समोर पाटावर बसली, हात मांडीवर ठेवून.

"खा," ती म्हणाली. "नाथाच्या बायकोनं आणलाय."

त्यानं घास घेतला.

"होडीचं तुम्हीच सांगितलंत ना?"

घास तोंडातच राहिला. "तुला कुणी..."

"मला कुणी सांगायला लागत नाही. तुम्ही गेले दोन महिने माझ्या डाव्या बाजूकडे बघताय." तिचा आवाज चढला नव्हता. "मी नाओमीशिवाय कुणाशी बोलले नाही. अनितानं सांगितलं नाही, तिला पोटच्या पोरांची शपथ घातली होती. मग राहिला फोन. मला फक्त एवढंच कळत नव्हतं, की त्यांनी तुम्हाला ते फुकट सांगितलं का. आज तिनं साहेबांची आणि तुमची ओळख सांगितली, तेव्हा कळलं."

"देशाचा प्रश्न होता, तामार. माणसं मेली. हात गेला आपल्या माणसाचा."

"हो. आणि तुम्हाला माझी गाठ ऐकायची होती."

तोंडातला मासा गिळावा लागला. तो चांगला झाला होता. जिभेला ते कळलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली. ती तिथेच बसून राहिली, ताट संपेपर्यंत. काटे बाजूला काढून ठेवायची त्याची सवय होती, ते तिनं गोळा केले आणि मोरीत टाकले.

पुढच्या आठवड्यात ती मुंबईला गेली. त्याला नेलं नाही. "मी येतो," असं तो दारात म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "तिथे तुमचं काही काम नाही." जाण्याआधी तिनं स्वतः टेलिफोनच्या कार्यालयात जाऊन फोन बंद करायचा अर्ज दिला होता. इतकी वर्षं थांबून मिळालेला फोन वायरमननं कात्रीनं तोडून नेला. भिंतीवर चार खिळ्यांचे डाग राहिले. घरात आरोन एकटा होता. शेजारच्या कारखान्यात मूर्ती हमरापूरहून कच्च्या येऊन रंगत होत्या, माणसं डोळ्यांच्या आखणीला बसली होती, रेडिओ चालू असे. तो खिडकी बंद करून घेई आणि उशीत नाक खुपसून आपला वास शोधत राही. सापडत नसे. कधी वाटे ती येणारच नाही, तिकडच्या तिकडे नाओमीकडे निघून जाईल. कधी वाटे तेच बरं. गणपती गेले, आणि त्यानंतर ती आली. पिशवी उचलताना उजवाच हात वापरत होती. बारीक झाली होती. पदर पूर्ण अंगभर घेतला होता आणि तो तिनं घरातही सैल केला नाही. तिचं अंथरूण तिनं बाहेरच्या खोलीत घातलं. स्वयंपाक तसाच, निळी बादली तशीच. नाथाला दिवाळीनंतर सोडलं. एका कानानं त्याला ऐकू येईनासं झालं होतं आणि कंपनीनं त्याची जागा भरून टाकली होती. तो रामवाडीच्या नाक्यावर आरोनला दिसला की दोन्ही हात जोडी. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तामारनंही नाही.

एका शनिवारी सकाळी, ती उन्हात केस वाळवत बसली होती तेव्हा, आरोनला राहवलं नाही. तो उंबऱ्यात उभा राहिला. इतक्या महिन्यांत त्यानं तिला सरळ विचारलेला तो पहिलाच प्रश्न असेल.

"गाठ कसली निघाली?"

तिनं केसांतून फणी शेवटपर्यंत नेली. फणीत अडकलेले केस बोटाला गुंडाळले. मग म्हणाली, "तुमच्या साहेबांना विचारा."

ती रागानं बोलली नव्हती, म्हणून त्याला आशा वाटली, की अजून काही बोलेल. ती बोलली नाही. तिनं केसांची गुंडाळी भिंतीच्या फटीत खोचली आणि तोंड उन्हाकडे केलं. डोळे मिटले. ती बरी होती की मरणार होती, हे तिच्या तोंडावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते तिनं मुठीत घट्ट धरलं होतं आणि ती मूठ आता कुणी उघडणार नव्हतं.

सोमवारी शिफ्ट सुटल्यावर आरोन कंपनीच्या बसमध्ये चढला नाही. रोह्यातून चालत तो त्या जिन्यापाशी आला आणि वर गेला. दार सताड उघडं होतं. टेबल नव्हतं. मागच्या खोलीत कुणीतरी भाताची पोती रचली होती आणि एक म्हातारी सांडलेले दाणे केरसुणीनं गोळा करत होती.

"साहेब कुठे गेले?"

"बदलून गेले. महिना झाला."

"कुठे?"

म्हातारीनं कंबर सरळ केली आणि त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "त्ये काय सांगून जातात व्हय? तुमचा काय राहिलाय काय त्यांच्याकडं?"

"हो," आरोन म्हणाला, आणि दाण्यांवर पाय पडू नये म्हणून बाजूला होऊन, तिथेच उभा राहिला.